मदत हवी आहे: हा ब्लॅक मेटल अल्बम असाच वाजतो की माझ्याकडची कॉपी खराब आहे?

काठावरचा
ब्लॅक मेटल म्हणजे हेवी मेटलचा एक कर्कश, अंधारा प्रकार. त्यातल्या ज्याचं इतकं कौतुक ऐकत आलो तो अल्बम काल शेवटी लावला. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत नुसती घरघर. ड्रम कुठेतरी मागे, बास तर नाहीच, आणि गिटार म्हणजे शेजारच्या खोलीत कुणी मिक्सर चालू ठेवून निघून गेलंय. गाणारा काय म्हणतो ते कळत नाही, पण ते सोडा, त्याची अपेक्षाही नव्हती.

आमचा ऐकणाऱ्यांचा छोटा ग्रुप आहे. एक अल्बम ठरवायचा, सगळ्यांनी ऐकायचा आणि प्रत्येकाने मत द्यायचं. रविवारी हा आहे. वाईट म्हणायची माझी तयारी आहे, पण बिघडलेली कॉपी ऐकून वाईट म्हटलं तर वर्षभर टोमणे ऐकावे लागतील. तर एवढंच सांगा: हे असंच आहे का? "ऐकत राहा, सवय होईल" असं कृपया लिहू नका. जरा लवकर सांगा.

रातकिडा
ऐकत राहा, सवय होईल.

टेपवाला
अल्बम कोणता?

काठावरचा
@रातकिडा, वाचून उत्तर दिल्याबद्दल आभार.
@टेपवाला, अहो डार्कथ्रोन या नॉर्वेच्या बँडचा. तो काळ्या-पांढऱ्या फोटोचा.

टेपवाला
त्यांचे तसे एकाहून जास्त आहेत. फोटोतल्या माणसाच्या हातात मेणबत्त्यांचं शमादान आहे का?

काठावरचा
हो, तोच. ट्रान्सिल्वेनियन हंगर. मला वाटलं डार्कथ्रोन म्हटलं की हाच.

लोखंडी_कान
हेडफोन बदला. ९० टक्के तक्रारी तिथेच संपतात. ओपन-बॅक (मागून उघडे) घ्या, सोबत चांगला डॅक (डिजिटल फाइलचं आवाजात रूपांतर करणारं यंत्र) आणि हेडफोन अँप. मी बदलल्यापासून प्रत्येक अल्बममध्ये नवीन काहीतरी ऐकू येतं.

रातकिडा
या अल्बममध्ये नवीन काय ऐकू आलं ते सांगा बरं. चार ट्रॅकवरच्या रेकॉर्डिंगमध्ये पाचवा सापडला का? (हलकं घ्या.)

टेपवाला
धागाकर्ते, आधी तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर देतो. उरलेलं अर्धं देण्यासाठी माहिती लागेल.

हो, हा अल्बम कच्चाच वाजतो. १९९४ साली पीसव्हिल या लेबलने काढला. गिटार, बास, ड्रम सगळं बँडमधल्या एकट्या फेनरिझने वाजवलं, तेही घरी, चार ट्रॅकच्या पोर्टेबल रेकॉर्डरवर. त्याचा जोडीदार नॉक्टर्नो कल्टो याने फक्त आवाज दिला. चार ट्रॅकच्या कॅसेटवाल्या यंत्रावर काम केलेल्यांना ठाऊक असेल, जागा संपली की आधीचे ट्रॅक एकत्र करून उरलेल्या ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागी नवीन वाजवायचं. अशा प्रत्येक उतरवण्यात टेपची सळसळ वाढते आणि वरची धार बोथट होते. या अल्बमसाठी त्यांनी ते किती केलं हा भाग वेगळा, पण त्या जातीच्या यंत्राचा स्वभाव तो.

पैसे नव्हते म्हणून असं झालं हे मात्र कुणी सांगू नये. याच मंडळींनी पहिला अल्बम, १९९१ चा, स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत केला होता. तो डेथ मेटल, म्हणजे मेटलचाच दुसरा प्रकार आहे आणि त्यात प्रत्येक वाद्य नीट ऐकू येतं. चांगल्या स्टुडिओतून उठून ते मुद्दाम इथे आले.

आता तुम्ही सांगा. कशावर ऐकलंत? फाइल की स्ट्रीमिंग की सीडी? फाइल असेल तर कुठून आली? फोनमध्ये इक्वलायझर चालू आहे का?

काठावरचा
फोनवर. एवढ्या माहितीची गरज का पडते कळत नाही, बाकीचे अल्बम त्याच फोनवर व्यवस्थित वाजतात.

धूळखात
डार्कथ्रोन म्हणजे कच्चं? हाहा. कच्चं ऐकायचं तर फ्रान्सला जा. म्युटीलेशनचा १९९५ चा व्हँपायर्स ऑफ ब्लॅक इंपीरियल ब्लड लावा, व्लाड टेपेस लावा, बेल्केत्र लावा. ती सगळी लेजियाँ न्वार नावाच्या गटातली मंडळी, मोजक्या कॅसेटी काढायची आणि आपापसात वाटायची. त्यानंतर ट्रान्सिल्वेनियन हंगर तुम्हाला गुळगुळीत वाटेल.

काठावरचा
मी अजून कच्चं मागितलेलं नाही.

गंजलेली_तार
धागा चांगला चाललाय तर विचारून घेतो. मीही घरी असंच काहीतरी रेकॉर्ड करतोय. गिटारला असा सपाट, करवतीसारखा आवाज आणायला कोणता पेडल घ्यावा?

नीरक्षीर
आवाजाची चर्चा जोरात आहे, पण या अल्बमच्या मागच्या कव्हरवर सुरुवातीला काय छापलं होतं ते कुणी बोलणार आहे का? "नॉर्स्क आरिस्क ब्लॅक मेटल", म्हणजे नॉर्वेजियन आर्य वगैरे. आठपैकी चार गाण्यांचे शब्द वार्ग विकर्नेस या नॉर्वेच्याच ब्लॅक मेटलवाल्याचे, ज्याला त्याच वर्षी खून आणि चर्च जाळण्याच्या गुन्ह्यांत २१ वर्षांची शिक्षा झाली. रविवारी मत देताना हे माहीत असलेलं बरं.

रातकिडा
आलं का हे! बहुतेक गाणी नॉर्वेजियनमध्ये आहेत, निम्म्या जगाला एक शब्द कळत नाही. संगीत ऐका ना.

नीरक्षीर
ऐकू नका असं मी कुठे म्हटलं? माझ्याकडे सीडी आहे. तो मजकूर नंतरच्या आवृत्त्यांमधून काढून टाकला, बँडने त्यावेळच्या वक्तव्यांबद्दल माफीही मागितली. ऐकायचं, आवडून घ्यायचं आणि हेही लक्षात ठेवायचं, तिन्ही एकदम जमतं. गाण्यांचे शब्द निरुपद्रवी आहेत म्हणून मागचं कव्हर गायब होत नाही.

रातकिडा
बरं, मान्य. पण धाग्याचा प्रश्न कॉपीचा आहे.

नीरक्षीर
हो, आणि तुमचं उत्तर "सवय होईल" होतं.

टेपवाला
@काठावरचा, फाइल की स्ट्रीमिंग? तिसऱ्यांदा विचारायला लावू नका.

काठावरचा
फाइल. ग्रुपमधल्या एकाने सगळ्यांना पाठवली. झिप होती, १९ एमबी. इक्वलायझरमध्ये बास बूस्ट कायम चालूच असतो, बंद कशाला करायचा?

टेपवाला
बघा, आता जमलं. अल्बम सुमारे ३९ मिनिटांचा. १९ एमबी भागिले ३९ मिनिटं म्हणजे साधारण ६४ केबीपीएसचं (सेकंदाला ६४ किलोबिट, फारच कमी) एमपी३. अर्धा दोष तिथे आहे.

रातकिडा
काहीही. ज्या अल्बममध्ये मुळातच आवाज खरखरीत, तिथे ६४ असो की ३२०, फरक काय पडतो? चिखलात उभं राहून बुटाला पॉलिश कशाला?

टेपवाला
उलट आहे. एमपी३ जागा वाचवतं ते कानाला जे फारसं कळत नाही ते गाळून. एखादा स्थिर सूर थोड्या माहितीत बसतो. टेपची सळसळ, झांजांचा फवारा, फझ (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावलेली गिटार यांना नियमच नसतो, प्रत्येक क्षण नवा असतो. त्यामुळे बिटरेट कमी पडला की पहिल्यांदा मोडतात त्या याच गोष्टी. स्वच्छ आवाजातलं नुसतं गाणं ६४ वर कसंबसं चालून जातं. हा अल्बम नाही चालत, कारण तो पहिल्यापासून शेवटपर्यंत याच गोष्टींचा बनलेला आहे.

ओळखायचं कसं तेही सांगतो. टेपची सळसळ एकसारखी असते, ती एका पातळीवर बसून राहते. फाटलेल्या एमपी३मध्ये झांजा खळखळतात. आवाज आत-बाहेर होतो, प्रत्येक ठोक्यानंतर वरचा भाग क्षणभर गिळल्यासारखा होतो. शीर्षकगीताचा पहिला अर्धा मिनिट लावा आणि फक्त झांजांकडे लक्ष द्या. खळखळ ऐकू आली तर दोष फेनरिझचा नाही.

आणि बास बूस्ट बंद करा. जिथे बास जेमतेम आहे तिथे तो वाढवला की फक्त बास ड्रमची धपधप फुगते आणि गिटार आणखी मागे जाते.

लोखंडी_कान
मी म्हणालो होतो, ऐकण्याची साखळी महत्त्वाची.

टेपवाला
तुम्ही हेडफोन घ्या म्हणाला होतात. फाइल बदलायला पैसे लागत नाहीत.

मंद्र
तांत्रिक बाजू टेपवाल्यांनी छान सांगितली. पण कॉपी चांगली मिळाली तरी धागाकर्त्यांना घरघरच ऐकू येणार, कारण ते ड्रमच्या लयीत ऐकताहेत. ड्रम द्रुत आहेत आणि जवळजवळ अख्खा अल्बम बदलत नाहीत. त्यांचा पाठलाग केला तर दोन मिनिटांत थकायला होतं. ड्रम आहेत असं समजून सोडून द्या आणि गिटारचे स्वर कधी बदलतात तेवढं बघा. ते विलंबित चालतात. उजवा हात ट्रेमोलो करतोय, म्हणजे एकच स्वर झरझर छेडतोय, पण चाल म्हणाल तर अगदी सावकाश, साधी, चार-दोन स्वरांची आणि कमालीची उदास. मी एकदा ती गुणगुणून पाहिली, चक्क गुणगुणता येते. बास नाही, मोठा ड्रमचा आवाज नाही, म्हणूनच ती चाल इतकी उघडी पडते. जाडजूड प्रॉडक्शन असतं तर ती दबली असती.

धूळखात
गुणगुणता येणारं ब्लॅक मेटल. आता काय बोलावं.

मंद्र
तुम्ही म्हणता त्या फ्रेंच कॅसेटींमध्येही चाली आहेतच की. फक्त शोधाव्या लागतात आणि सापडल्या की आनंद चाल सापडल्याचा की शोधल्याचा, ते ठरवता येत नाही.

धूळखात
हे बाकी खरं.

हिमनग
मुद्दाम वाईट आवाजाचं सर्वांत भारी उदाहरण उल्व्हर या बँडचा नाटेन्स मॅड्रिगल, १९९७. लेबलने दिलेले पैसे पोरांनी अर्मानीचे सूट आणि गाड्यांवर उडवले आणि अल्बम जंगलात जाऊन आठ ट्रॅकवर रेकॉर्ड केला.

टेपवाला
छान गोष्ट आहे, पण खरी नाही. बँडनेच ती नाकारली आहे.

हिमनग
मी अनेक ठिकाणी वाचलंय.

टेपवाला
अनेक ठिकाणी आहेच. मुद्दाम वाईट आवाजाचं पक्कं उदाहरण हवं तर बर्झमचा, म्हणजे त्याच विकर्नेसच्या एकट्याच्या बँडचा, फिलोसोफेम घ्या. रेकॉर्डिंग १९९३ चं, अल्बम आला १९९६ मध्ये. आवाजासाठी स्टुडिओतला सर्वांत टाकाऊ माइक मागितला आणि हेडसेटचा मिळाला. गिटारला गिटारचा अँप न लावता भावाच्या स्टिरिओचा अँप आणि जुने फझ पेडल.  

गंजलेली_तार
कोणता फझ पेडल?

काठावरचा
अवांतर थांबवा की राव. उद्या रविवार आहे. झालं ते सांगतो. ती फाइल उडवली, स्ट्रीमिंगवर सर्वांत वरच्या क्वालिटीला लावला, बास बूस्ट बंद केला. खळखळ गेली, म्हणजे ती फाइलचीच होती, ग्रुपमध्ये सगळ्यांना कळवलंय. मिक्सर मात्र चालूच आहे. पण आता एकसारखा चालू आहे.

मंद्र म्हणाले तसं ड्रम सोडून दिले. शीर्षकगीत पकडता आलं. ती चाल खरंच डोक्यात राहते, सकाळी चहा करताना परत आठवली. मधली एक-दोन गाणीही. उत्तरार्धात सगळं एकमेकांत मिसळतं आणि माझा रस संपतो. गाणं बदललं की चालूच आहे ते स्क्रीनवर बघावं लागलं. म्हणून माझं मत असं की, आवाजाबद्दल तक्रार नाही, तो त्यांचा निर्णय आहे आणि चालीला शोभतो. तक्रार अशी की एकच कल्पना ३९ मिनिटं ताणली आहे. निम्मा असता तर मी पुन्हा लावला असता.

रातकिडा
तुम्हाला कळलाच नाही अल्बम. एकसुरीपणा हाच मुद्दा आहे.

काठावरचा
मुद्दा कळला. लांबी पटली नाही.

मंद्र
लांबीबद्दल मी थोडा सहमत. ए ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय, १९९२ चा, तो ऐका. त्यात डेथ मेटलचे अवशेष आहेत, लय मोडते, मध्येच संथ होते. तुम्हाला तो जास्त जवळचा वाटेल.

धूळखात
त्यापेक्षा अंडर अ फ्युनरल मून. १९९३. मधला तोच खरा.

रातकिडा
आधी हाच परत ऐका.

नीरक्षीर
रविवारी ग्रुपमध्ये काय झालं ते कळवा. आणि मागच्या कव्हरचा विषय कुणी काढला तर तेही.

काठावरचा
तो मीच काढणार आहे. ज्याने फाइल पाठवली त्याला माहीत नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद. मी इथून निघतो.

गंजलेली_तार
माझ्या पेडलचं कुणी सांगेल का?

टेपवाला
वेगळा धागा काढा. आणि तुमच्याकडे अँप कोणता आहे, आवाज रेकॉर्ड कशावर करता, हे पहिल्याच ओळीत लिहा.