आधी आपलेपणा, मग शिस्त

बँकेत काम करणाऱ्यांबद्दल असं म्हणतात की ज्याचं टेबल नीट आणि कामं वेळच्या वेळी, त्यालाच बँकेबद्दल आपलेपणा असतो. मला उलटं दिसलंय. आमच्या ब्रँचला लोन बघणाऱ्या एक मॅडम होत्या, ड्रॉवरमध्ये एक लांबट रजिस्टर, त्यात कुठल्या कर्जाचे कागद कधी मुदतबाह्य होणार ते महिन्यावार लिहिलेलं. डिमांड प्रॉमिसरी नोटला, म्हणजे मागितल्यावर पैसे फेडीन अशा कर्जदाराच्या लेखी वचनाला, ३ वर्षांची मुदत, त्याआधी कर्जदाराकडून बाकी मान्य असल्याची सही घेतली नाही तर वसुलीचा दावा अडचणीत येतो, म्हणून सिस्टीमचा रिपोर्ट यायच्या आधीच मॅडम कर्जदाराला फोन करायच्या. मग विमा विकायचं टार्गेट आलं, रोज संध्याकाळी आकडे विचारणारा कॉल, आणि रजिस्टरची पानं कोरी राहायला लागली. त्या आळशी झाल्या नव्हत्या हो, त्या कामाची कुणाला किंमतच उरली नव्हती.

अजून एक, रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनेप्रमाणे संवेदनशील जागांवरच्या लोकांना वर्षातून एकदा सलग किमान १० कामाचे दिवस, आधी न सांगता रजेवर पाठवायचं असतं. हेतू फ्रॉड पकडायचा, पण कोणी काम कसं लावून ठेवलंय तेही तेव्हाच कळतं. मी अशाच एकाच्या जागी बसलो होतो, टेबलावर कागदांचा ढीग, बघून धडकीच भरली, पण प्रत्येक फाईलच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहिलेलं, काय बाकी आहे आणि कुणाला फोन करायचा. एकदाही त्याला घरी फोन करावा लागला नाही.