बर्लिनपेक्षा कोलोन बघा

जर्मनीत कुठे फिरायचं म्हटलं की सगळे बर्लिन सुचवतात, पण तीनच दिवस हातात असतील तर मी म्हणेन कोलोनला मुक्काम ठोका. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच कॅथेड्रल. संध्याकाळी जुन्या शहरातल्या एखाद्या ब्रूहाउसात (बिअर मिळणाऱ्या पारंपरिक खानावळीत) बसा. कोलोनची क्योल्श बिअर 200 मिलिलिटरच्या बारीक, उभ्या ग्लासात येते. ग्लास संपला की वेटर न विचारताच दुसरा ठेवतो आणि कोस्टरवर (ग्लासाखालच्या चकतीवर) पेन्सिलीने रेघ मारतो. पुरे झालं की कोस्टर ग्लासावर झाकायचा, नाहीतर पंगतीतल्या जिलबीसारखा आग्रह चालूच! (मला हे चौथ्या ग्लासानंतर कळलं.) दिवसा बॉन किंवा ड्युसेलडॉर्फ करा, रेल्वेने जेमतेम अर्धा तास. ड्युसेलडॉर्फला मात्र क्योल्श मागू नका, तिथे त्यांची गडद आल्टबिअरच. आणि डॉइचलँड-तिकीट (देशभर चालणारा महिन्याचा पास) काढलंत तर आयसीईत, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत, चढू नका, रेल्वेत ते फक्त रिजनल आणि लोकल गाड्यांत चालतं.