रॅव्हिओली पाण्यात फुटते त्याबद्दल
रॅव्हिओली (सारण भरलेला इटालियन पास्ता) उकळताना का फुटते असं बरेच जण विचारतात, तर बहुतेक वेळा आत हवा राहिलेली असते, सारणाच्या कडेकडेने बोटांनी दाबत हवा काढा आणि मगच कडा चिकटवा, करंजीसारखं. सारणातलं रिकोटा (मऊ, ओलसर इटालियन चीज) आधी फडक्यात निथळून घ्या, नाहीतर पारी ओली होऊन फाटतेच. पाणीही खळखळ नको, मंद उकळतं हवं. आणि हे मित्रमंडळी जमवूनच करा, एकट्याने भरेपर्यंत पारी वाळते. आमच्यात एक जण पारी लाटायचं मशीन फिरवतो, दोघं भरतात आणि एक नुसताच चीज खात उभा (तो प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच). इटलीतल्या बोलोन्या शहरवाल्यांनी तर तोर्तेलिनीच्या (असाच सारण भरलेला छोटा पास्ता) सारणाची रेसिपी १९७४ साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवून ठेवलीये, पोर्क, मोर्तादेल्ला (पोर्कचं तिथलं सॉसेज) वगैरे! पहिल्यांदा करताय तर त्या नादाला लागू नका, रिकोटा-पालकच बरं.