चवळीवर मावा आलाय, फवारू की थांबू?

गच्चीवाली:
4 कुंड्यांत चवळी लावलीय, शेंड्यांवर आणि कोवळ्या शेंगांवर काळा मावा नुसता लगडलाय, खालची पानं चिकचिकीत झालीत, मुंग्यांची रांग लागलीय आणि कालपासून एक वेगळीच कीड दिसतेय, काळपट, लांबुडकी, नारिंगी ठिपकेवाली, भराभर पळते. शेंगा पोरांच्या पोटात जाणार म्हणून विषारी औषध नकोय. काय करू?

बांधकरी:
ताई, ती वेगळी कीड अजिबात मारू नका!! ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची अळी आहे, तिचं जेवणच मावा. मावा झाडाचा रस पितो, त्यात साखर भरपूर पण प्रथिनं अगदी कमी, मग प्रथिनांसाठी तो रस पितच राहतो आणि जादाची साखर मागून सोडतो, तोच तुमच्या पानावरचा चिकटा. मुंग्या त्याच्यासाठीच येतात आणि ढालकिड्याला हुसकावून लावतात. म्हणून आधी मुंग्या थांबवा. पसरट ताटात पाणी, मधे वीट, विटेवर कुंडी, आणि वेल भिंतीला टेकला असेल तर सोडवा, नाहीतर त्या तिथून चढतात. फार भरलेले शेंडे खुडून टाका.
वांग्याच्या पानांची चाळण करणारा ठिपक्यांचा भुंगेरा वेगळा हं, त्याची अळी पिवळी काटेरी असते, ती वेचून काढायची.

उसवाला:
+1. 2002 ला सांगली भागात उसावर लोकरी मावा आला, पानाखाली कापूस पिंजून ठेवल्यासारखा दिसायचा. उंच उसात शिरून फवारणार कसं? तिथं कामाला आले ते डिफा आणि मायक्रोमस, हे दोन्ही मावा खाणारे मित्रकिडे. मायक्रोमस म्हणजे जाळीदार पंखांचा बारीक तपकिरी किडा. डिफा म्हणजे पतंगाची अळी, पण पान नाही, मावा खाते! तिचे कोष असलेली पानं तोडून दुसऱ्या फडात नेऊन लावायची. तेव्हापासून मी आधी पान उलटून बघतो आणि मगच पंपाला हात लावतो.

गच्चीवाली:
मुंग्या थांबल्या! आज पानाखाली केसासारख्या दांडीवर इवली इवली अंडी दिसली, हात लावला नाही, कुणाची असतील?

बांधकरी:
क्रायसोपाची, म्हणजे जाळीदार पंखांच्या नाजूक हिरव्या किड्याची! छानच झालं, तिच्या अळ्यापण मावा खातात. आणि फुगून तपकिरी झालेला, न हलणारा मावा दिसला तर तोही पुसू नका, त्याच्या आत बारीक गांधीलमाशी वाढत असते, पाठीला गोल भोक पाडून बाहेर येते.