मदत हवी आहे: सहा वर्षं नोकरी, पण कागदावर ठेकेदार

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ कुपवाड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये सहा वर्षं सीएनसी चालवतोय. मशीन मालकाचं, शिफ्ट मालकाची, हजेरीला रोज अंगठा. महिन्याला १८,५०० रुपये. घरासाठी कर्ज काढायला गेलो, बँकेनं सॅलरी स्लिप मागितली आणि तेव्हा सगळं बाहेर आलं.

भावाच्या नावाचं बिलबुक मालकानंच छापून आणलंय. दर महिन्याला ‘जॉबवर्क मजुरी’ लिहिलेलं बिल पुढं सरकवतात, हा सही करतो. २६एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या करकपातीच्या नोंदीत) टीडीएस कलम १९४सी खाली, म्हणजे ठेकेदार म्हणून. पीएफ नाही, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) नाही. दिवाळीआधी बोटाला मार लागला, मिरजेत टाके घातले, पैसे आमच्याच खिशातून गेले. २१,००० पर्यंत पगार असणाऱ्याला ईएसआय मिळायला हवा ना? फार जीव तुटतो हो.

कामाला २७ जण आहेत, रजिस्टरवर फक्त ९. पीएफ कायदा २० कामगारांपासून लागू होतो, म्हणून ही युक्ती. केंद्रानं १ नोव्हेंबर २०२५ पासून, जुलै २०१७ नंतर राहून गेलेले कामगार पीएफमध्ये घ्यायला मालकांसाठी योजना आणली. पण मालकानं मनावरच घेतलं नाही तर?

तक्रार कोल्हापूरच्या पीएफ ऑफिसला करायची की आधी सांगलीच्या कामगार आयुक्तांकडं? नाव गुप्त राहतं का? बिलांवर सह्या त्याच्याच आहेत, त्या अंगाशी येतील का? हजेरीचे फोटो आणि बँकेचं पासबुक आहे, एवढा पुरावा पुरेल? कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.