शब्दचर्चा: उद्देशिका की सरनामा? आणि ते ‘स्वतःप्रत’ म्हणजे नक्की काय?

दौतटाक:
भाची पाचवीत आहे. या आठवड्यात परिपाठाला संविधानाची उद्देशिका म्हणायची पाळी तिच्या वर्गाची, म्हणून काल पुस्तकाचं पहिलं पान उघडून घोकत बसली होती, आणि दर वेळी शेवटाला आली की अडायची. मग म्हणते, मामा, ‘स्वतः प्रत अर्पण’ म्हणजे स्वतःची झेरॉक्स द्यायची का?

आधी हसलो, मग लक्षात आलं की मलाही नीट सांगता येत नाहीये. शाळेत शंभर वेळा वाचलं असेल ते पान, किंवा वाचलं नसेल, पुस्तकाला कव्हर घालताना फक्त बघितलं असेल.

तर प्रश्न दोन. एक, याला खरं नाव काय? पेपरात ‘घटनेचा सरनामा’ लिहितात, पुस्तकात ‘उद्देशिका’ छापलंय, भाषणात ‘प्रास्ताविका’ ऐकू येतं. आणि दोन, ते स्वतःप्रत.

बोरूबहाद्दर:
दुसरं सोपंय. ‘निर्णयाप्रत आलो’, ‘निष्कर्षाप्रत पोचलो’ म्हणतो ना, तोच हा प्रत. मूळ संस्कृत प्रति, म्हणजे कडे, ला. स्वतःप्रत म्हणजे स्वतःला. नक्कल या अर्थाची प्रत वेगळी. पण बोलण्यातून हा ‘प्रत’ जवळपास गेलाच, फक्त निर्णय नि निष्कर्ष यांना चिकटून उरलाय, त्यामुळे पोरीला झेरॉक्स वाटलं यात तिची काही चूक नाही.

ओसरीवरचा:
अधिकृत मराठी भाषांतरात ‘उद्देशिका’ आहे, त्यामुळे परीक्षेत तेच लिहायचं, विषय संपला :)

पण सरनामा मला आवडतो. फारसी शब्द, सर म्हणजे डोकं, नामा म्हणजे लेख. जुन्या पत्रव्यवहारात पत्रावर वर जो पत्ता-नाव लिहायचे तो सरनामा, आणि आत ‘कृतानेक साष्टांग नमस्कार’ वगैरे जो असायचा तो मायना. सरनाम्यावरून एवढंच कळायचं की पत्र कोणाकडून आलंय आणि कोणाला द्यायचंय. आता गंमत बघा, आपला सरनामासुद्धा नेमकं तेच सांगतो, कोणाकडून? ‘आम्ही, भारताचे लोक’. कोणाला? ‘स्वतःप्रत’. पाठवणारा नि घेणारा एकच असलेलं पत्र. मला नाही वाटत ज्याने हा शब्द आधी वापरला त्याने एवढा विचार केला असेल, पण बसलाय मस्त.

कंदीलपुष्प:
प्रास्ताविक हा शब्द मात्र नको. प्रास्ताविक म्हणजे कार्यक्रमात पाहुणे यायचे असतात तोवर कोणीतरी माइकवर करतं ते, आणि लोक तेवढ्यात मोबाइल बघून घेतात. प्रस्तावनाही नको, आपल्याकडे पुस्तकाला प्रस्तावना दुसरा कोणी मोठा माणूस लिहितो, लेखक स्वतः लिहितो ते मनोगत. त्या हिशेबाने हे मनोगत झालं. हिंदीवाले बोलताना सर्रास प्रस्तावनाच म्हणतात, त्यांचं त्यांना लखलाभ.

दौतटाक:
ओसरीवरचा, सरनाम्याचं वाचून वडील आठवले. वडील तालुक्याला बाँडरायटर होते, रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेर टेबल. मी सुट्टीत शेजारी बसून कार्बन लावून द्यायचो. प्रत्येक खरेदीखताची सुरुवात ठरलेली, वर तारीख, मग ‘लिहून घेणार’ अमुक, मग ‘लिहून देणार’ तमुक, आणि मग ‘कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसा जे’. हे ऐसा जे आलं की पुढे खरा मजकूर. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. लोकांना चतुःसीमेचीच काळजी, पहिल्या पानाकडे कोणी ढुंकून बघायचं नाही, पण वडील सगळ्यात जास्त वेळ त्याच पानावर घालवायचे, कारण उद्या आतल्या एखाद्या कलमाचा अर्थ दोन प्रकारे लागला तर वकील उलटून पहिल्या पानावर येतो, की बाबा मुळात हा व्यवहार कोणाचा होता नि कशासाठी होता.

काल रात्री उद्देशिका त्या नजरेने वाचली. लिहून देणार आम्ही, लिहून घेणारही आम्हीच. असा दस्त वडिलांनी आयुष्यात केला नसेल.

तळटीप:
कोर्टात अगदी हेच झालंय. १९६० मध्ये बेरुबारीच्या प्रकरणात (पश्चिम बंगालमधला तुकडा पाकिस्तानला द्यायचा होता, त्यावर राष्ट्रपतींनी सुप्रीम कोर्टाचा अभिप्राय मागवला होता) कोर्ट म्हणालं की उद्देशिका ही घटनाकारांचं मन उघडून दाखवणारी किल्ली आहे, पण संविधानाचा भाग नाही. मग १९७३ ला केशवानंद भारती खटला आला, १३ न्यायाधीश, निकाल ७ विरुद्ध ६, आणि त्यात ठरलं की भागच आहे. संसदेला घटनेत दुरुस्ती करता येते पण मूळ चौकट मोडता येत नाही हा जो निकाल, त्यात ही मूळ चौकट कुठली हे शोधताना न्यायाधीशांनी उद्देशिकेचा मोठा आधार घेतला.

तरी एक लक्षात ठेवा, नुसती उद्देशिका हातात घेऊन कोर्टात जाता येत नाही. ‘मला दर्जाची समानता मिळाली नाही’ म्हणून दावा लावायचा तर अनुच्छेद १४, १५, १६ असं काहीतरी दाखवावं लागतं. ती अर्थ लावायला आहे. दौतटाक यांच्या वडिलांना हे कायदा न शिकता माहीत होतं म्हणायचं.

आंबाडी:
मला एक शंका. मराठीत आम्ही आणि आपण असा फरक आहे जो हिंदीत नि इंग्रजीत नाही, त्यांचं हम आणि वी दोन्हीकडे चालतं. आपल्याकडे ‘आम्ही जेवायला चाललोय’ म्हटलं की समोरचा समजतो आपल्याला आमंत्रण नाही. मग ‘आम्ही, भारताचे लोक’ मध्ये बाहेर ठेवलाय कोणाला? सगळे भारताचेच लोक बोलतायत आणि स्वतःलाच देतायत तर ‘आपण’ नको होतं का?

बोरूबहाद्दर:
ओहो. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पण ‘आपण, भारताचे लोक’ म्हणून बघा मोठ्याने. लगेच कोणीतरी स्टेजवरून उपदेश करतंय असं वाटतं, ‘आपण सगळ्यांनी स्वच्छता राखली पाहिजे’ टाइप. आपण म्हटलं की एक बोलणारा आणि बाकी ऐकणारे. आम्ही म्हटलं की सगळे मिळून बोलणारे.

दौतटाक:
दस्तात पण ‘आम्ही लिहून देणार’ असंच असतं. कारण कागद वाचणारा नेहमी तिसरा असतो, तलाठी, बँक, कोर्ट. त्याला उद्देशून आम्ही. तसं इथे बाहेर ठेवलेला म्हणजे जो सत्तेवर बसून हा कागद वाचणार आहे तो, असं मी धरतो. खुर्चीवरून उतरला की तोही आम्हीत.

कंदीलपुष्प:
आणि लोक ‘आम्ही भारतीय लोक’ असं चुकीचं म्हणतात ते थांबवा कोणीतरी. भारताचे लोक आहे. व्हॉट्सॅपवर २६ जानेवारीला दर वर्षी चुकीचं फिरतं.

ओसरीवरचा:
२६ जानेवारीवरून, आपण म्हणतो प्रजासत्ताक दिन, उद्देशिकेत आहे ‘गणराज्य’. प्रजा म्हटलं की मागून राजा येतो, म्हणून बहुतेक गण घेतला असणार. (प्रजा म्हणजे मुलंबाळं पण होतं, प्रजोत्पादन वगैरे, पण ते सोडा.) तसंच ‘राजनैतिक न्याय’, आपण रोज राजकीय म्हणतो. ‘प्रवर्धित’ तर मी या एका पानाबाहेर कुठे पाहिलाच नाही.

चष्मिष्ट:
धर्मनिरपेक्ष की पंथनिरपेक्ष? हिंदी प्रतीत पंथनिरपेक्ष आहे म्हणे.

तळटीप:
हो, हिंदीत पंथनिरपेक्ष, मराठीत धर्मनिरपेक्ष. आणखी एक फरक, हिंदीत तारखेबरोबर मिती मार्गशीर्ष शुक्ल सप्तमी, विक्रम संवत २००६ असंही आहे, मराठीत नुसतं सव्वीस नोव्हेंबर १९४९.

समाजवादी, धर्मनिरपेक्ष आणि ‘एकात्मता’ हे तिन्ही १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आले. एकात्मतेवरून कोणी भांडत नाही ही वेगळी गंमत.

दौतटाक:
मग हे तर दस्ताच्या नियमात बसत नाही. नोंदणी झालेल्या दस्तात नंतर शब्द घुसडता येत नाही, वेगळं चूक दुरुस्ती पत्र करायचं, त्याला त्याची तारीख. इथे शब्द १९७६ चे आणि खाली तारीख १९४९ ची?

तळटीप:
हाच मुद्दा सुप्रीम कोर्टापुढे गेला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टाने ते अर्ज फेटाळले. दुरुस्तीचा अधिकार उद्देशिकेलाही लागू आहे आणि वरची तारीख त्याच्या आड येत नाही, असं म्हटलं. पटो न पटो, आज कायदा हा आहे. याच्यापुढे राजकारण नको, धागा बंद पडेल.

त्यापेक्षा एक सांगतो. सगळ्यात वर छापलेलं हे पान घटना समितीत चर्चेला आलं ते जवळजवळ शेवटी, १७ ऑक्टोबर १९४९ ला, बाकी कलमं होऊन गेल्यावर, म्हणजे आत जे ठरलंय त्याच्याशी जुळेल. त्या दिवशी ह. वि. कामत यांनी सुचवलं की सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी करा. मतदान झालं. बाजूने ४१, विरोधात ६८.

आंबाडी:
म्हणजे कागदाच्या डोक्यावर श्री घालायचा की नाही यावर मतदान झालं :) आणि श्री नाही घातला. माझी आजी वाण्याच्या यादीवर पण घालायची.

बोरूबहाद्दर:
बंधुता राहिली. नेहरूंनी डिसेंबर १९४६ मध्ये जो उद्दिष्टांचा ठराव मांडला त्यात न्याय, स्वातंत्र्य, समानता होतं, बंधुता नव्हती. ती आंबेडकरांच्या मसुदा समितीने घातली. आणि वाक्यात तिची जागा बघा, न्याय, स्वातंत्र्य, समानता ‘प्राप्त करून देण्याचा’, पण बंधुता ‘प्रवर्धित करण्याचा’. तिला क्रियापद वेगळं. बंधुता कोणी कोणाला देऊ शकत नाही, वाढवावी लागते. म्हणून ओसरीवरचा, प्रवर्धितला नावं ठेवू नका.

ओसरीवरचा:
मागे घेतो. पण ‘वाढवण्याचा’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

बोरूबहाद्दर:
काही नाही.

दौतटाक:
सगळ्यांचे आभार. भाचीला सांगितलं की प्रत म्हणजे ‘ला’, झेरॉक्स नाही. मग म्हणते, आपणच आपल्याला द्यायचं तर द्यायचं कशाला, आपल्याकडेच असतं ना. त्यावर मी खरेदीखताची गोष्ट सुरू केली, तर कंटाळून उठून गेली. आता तिची अडचण वेगळीच आहे, सगळी उद्देशिका एकच वाक्य आहे आणि ‘आहोत’ येईपर्यंत दम पुरत नाही. बाईंनी ‘उपासना यांचे स्वातंत्र्य’ला श्वास घ्यायला सांगितलाय.