वाचायला एकच जागा हवी आणि ती घरातच हवी : सहमत की असहमत?

खुर्चीबहाद्दर (धागाकर्ता)

पुण्यात कुणी “वाचायला शांत जागा सांगा” म्हटलं की टेकड्या, बागा, कॅफे अशी भली मोठी यादी येते. या जागा भटकायला छान आहेत, वाचायला नाहीत. माझ्या मते गंभीर वाचन होतं ते घरातल्या एकाच ठरलेल्या खुर्चीत. शरीराला सवय लागते. त्या खुर्चीत बसलं की दोन-तीन मिनिटांत डोकं पुस्तकात शिरतं. नव्या जागी पहिली वीस मिनिटं ती जागा न्याहाळण्यातच जातात.

खुर्ची कशी हवी? बैठक जमिनीपासून दीड फुटाच्या आत, म्हणजे पावलं पूर्ण टेकतात. हात असलेली हवी. कोपर अधांतरी राहिलं की वीस मिनिटांत पुस्तक मांडीवर उतरतं, मागोमाग मान खाली जाते आणि तासाभरात मान धरते. पुस्तक डोळ्यांपासून ३५ ते ४० सेंटिमीटरवर. दिवा ९ वॅटचा एलईडी पुरतो, पण तो डाव्या खांद्यामागून यायला हवा. समोरून किंवा डोक्यावरून आला तर गुळगुळीत कागदावर चकाकी येते आणि आपण नकळत पुस्तक तिरपं करत बसतो. रात्री पिवळसर प्रकाश, २७०० ते ३००० केल्विन. शुभ्र ट्यूबलाइट हिशेब तपासायला ठीक आहे.

उरला पंखा. एप्रिल-मेमध्ये तो बंद ठेवणं अशक्य आणि पाच नंबरवर पान हातात राहत नाही. खुर्ची पंख्याच्या थेट खाली न ठेवता तीन-चार फूट बाजूला सरकवा, रेग्युलेटर दोनवर. मोबाइल दुसऱ्या खोलीत. उपडा ठेवून भागत नाही.

---

वेताळभक्त

असहमत. धागाकर्ते, तुम्ही दवाखान्यातल्या खुर्चीचं वर्णन केलंत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी साडेसात ते साडेनऊ, वेताळ टेकडी किंवा हनुमान टेकडी. या दोन तासांच्या तोडीची जागा शहरात नाही. मात्र लोक चुकतात ते सावलीत. वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाची लागवड भरपूर आहे आणि हिवाळा सरता सरता त्याची पानं गळतात. मग उरते ती जाळीदार सावली. पानावर उन्हाचे कवडसे नाचतात, डोळ्यांना प्रत्येक ओळीत उजेड-अंधाराशी जुळवून घ्यावं लागतं आणि पंधरा मिनिटांत कपाळ दुखतं. लोक म्हणतात, “टेकडीवर वाचन होत नाही.” होतं. एकतर दाट सावलीचं झाड शोधा, नाहीतर सूर्याकडे पाठ करून बसा आणि स्वतःचीच सावली पानावर पाडा. दुसरी युक्ती सकाळी नऊपर्यंतच चालते. सूर्य वर चढला की सावली आखडते आणि पांढरं पान डोळ्यांत घुसतं.

सोबत न्यायचं ते असं : घडी घालून बसायला जुना पेपर (खडक सकाळी गार असतो), वाऱ्यासाठी कागदाचे दोन चिमटे, पाणी. पुस्तक दोनशे पानांच्या आतलं. कविता, ललित, नाटक. आठशे पानी कादंबरी वर नेणारा ती न उघडता खाली आणतो.

---

नारायणपेठी

आणि जून ते ऑक्टोबर काय करायचं? चिखलात चिमटे लावून बसायचं?

बागांचंही तेच. महापालिकेच्या बहुतेक बागा भर दुपारी बंद असतात. संध्याकाळी उघडतात तेव्हा डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो आणि त्याच सुमाराला डास कामावर येतात. सारसबागेत तर शेजारच्या भेळेच्या गाड्यांचा वास वाक्य पुरं होऊ देत नाही. (याबद्दल तक्रार नाही, फक्त नोंद.)

या शहराला वाचायच्या जागा १८४८ पासून आहेत, पुणे नगर वाचन मंदिर तेव्हाचं. नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालय आहे, विश्रामबागवाड्यात शासकीय ग्रंथालय आहे. पण आत जाऊन कुठे बसायचं हे कळायला हवं. वर्तमानपत्रांच्या मेजाजवळ बसू नका. तिथे पानं उलटण्याचा आवाज अखंड चालतो आणि एका दैनिकावर तिघांचा डोळा असतो. दारासमोरची जागाही टाळा, दर येणाऱ्याकडे मान वळतेच. भिंतीकडे तोंड आणि खिडकी बाजूला, अशी खुर्ची पकडा.

आणखी एक गल्लत होते. अभ्यासिका म्हणजे वाचनकक्ष नव्हे. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये महिन्याच्या बोलीने जागा घेऊन स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात. तिथे कादंबरी वाचत हसणारा माणूस नको असतो, आणि त्यांचं बरोबर आहे.

---

उशीपंथी

तुमच्या खुर्च्या आणि टेकड्या तुम्हाला लखलाभ. पुस्तकं झोपून वाचली जातात, बाकी सगळी सोंगं.

---

खुर्चीबहाद्दर

@उशीपंथी, झोपून तीन पद्धतींनी वाचतात आणि तिन्ही चुकीच्या. उताणं वाचलं तर पुस्तकाचं सगळं वजन अंगठ्यांवर येतं, आठशे पानी पुठ्ठाबांधणी किलोभर भरते. कुशीवर वाचलं तर एक पान सरळ आणि दुसरं उशीत रुतलेलं, म्हणजे दर पानाला कूस बदला. पालथं वाचलं तर दहा मिनिटांत कंबर.

---

उशीपंथी

म्हणून पलंगावर *बसून* झोपावं. दोन उशा पाठीशी, एक कमरेत, गुडघे वर, गुडघ्यांखाली लोड आणि मांडीवर आणखी एक उशी. पुस्तक त्या उशीवर, हात मोकळे. मान जेमतेम झुकते. चष्मेवाल्यांनी कुशीवर वाचूच नये, काडी वाकते आणि भिंग तिरपं बसतं. डोळा लागायला लागला की खूण घाला, पुस्तक उपडं ठेवू नका.

---

शिलाई-आधी-किंमत-मग

उपडं ठेवू नका, याला दहा वेळा अनुमोदन. यात बांधणीचा मुद्दा आहे, तो इथे कुणी काढलेलाच नाही. कुठे वाचायचं हे पुस्तक कसं बांधलंय यावर ठरतं.

पुस्तकाची पाठ वरच्या टोकाला निरखा. पानांचे छोटे छोटे गठ्ठे (फॉर्म) दिसले आणि गठ्ठ्याच्या मधोमध उघडल्यावर दोरा दिसला तर ते शिवलेलं. ते मेजावर सपाट पडतं, जेवतानाही वाचता येतं. सगळी पानं सुटी कापून नुसत्या गरम डिंकात बसवलेली असतील तर ते चिकटवलेलं. हा डिंक थंडीत ठिसूळ होतो. वेताळभक्तांनी जानेवारीच्या गारठ्यात असं पुस्तक ताणून उघडलं की मधोमध ‘कट्’ होतं आणि तिथून पानं सुटतात. टेकडीवर शिवलेलंच न्या.

चिकटवलेलं पुस्तक आणलं की आधी ‘मोकळं’ करा. पाठ मेजावर टेकवून धरा, दोन्ही पुठ्ठे खाली सोडा. मग पुढून दहा-पंधरा पानं घेऊन आतल्या कडेशी बोट हलकेच फिरवा, तेवढीच मागून, पुन्हा पुढून, असं करत मध्यापर्यंत या. पाच मिनिटांचं काम. लोक घाईने थेट मध्यावर उघडतात आणि मग प्रकाशकाला शिव्या देतात.

दिवाळी अंकांचा वेगळा ताप. मोठा आकार, मऊ अंग, जाहिरातींची गुळगुळीत पानं. हातात धरले की वाकतात, उशीवर घसरतात. मेजच हवं.

---

मेट्रोमार्गी

सगळे पुस्तकाला तासभर द्यायच्या गप्पा मारताय. मेट्रोत वनाज ते रामवाडी पस्तीस-चाळीस मिनिटं मिळतात, रोज दोनदा. तेवढ्यात जाडजूड कादंबरी महिन्यात हातावेगळी होते.

बसमध्ये मात्र वाचू नका. डोळे सांगतात पान स्थिर आहे, कान सांगतो शरीर हलतंय. या भांडणात पोट ढवळतं. नाइलाजच असेल तर तोंड पुढे करून, दोन चाकांच्या मधल्या बाकावर बसा. सगळ्यात मागचं बाक चाकांच्याही मागे लटकतं, खड्ड्यात तेच जास्त उडतं. मेट्रोत बाकं आडवी असली तरी हिसके कमी. उन्नत मार्गावर सकाळी ऊन एका बाजूने आत येतं, म्हणून उन्हाकडची खिडकी पाठीशी येईल असं बसा. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारात प्रकाश एकसारखा. आणि प्रकरण संपेपर्यंत वाचण्याचा हट्ट नको, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची राहून जाते. परिच्छेदावर थांबा.

उभ्याने एका हातात धरायचं तर सहा इंची ई-वाचक बरा. पण स्कॅन केलेली मराठी पीडीएफ त्यावर थेट टाकू नका. डेमी पान (पुस्तकांचा नेहमीचा आकार) साडेपाच इंच रुंद, पडदा सुमारे ३.६ इंच, म्हणजे अक्षर छापील आकाराच्या दोनतृतीयांशांहूनही थोडं लहान होतं आणि वेलांट्या-रफार गडप. आधी समास कापून घ्या, मग मजकूर पाऊणपटीच्या वर जातो. तरी जड वाटलं तर यंत्र आडवं करा.

---

नारायणपेठी

भुयारात मोबाइलचा संपर्क तुटला तर तोही फायदाच म्हणायचा.

---

कोरडी_पानं

धागाकर्त्यांच्या खुर्चीत एक खोट राहिलीय. ती बहुतेक लोक खिडकीशी ठेवतात, शेजारी पुस्तकांची चळत. पावसाळ्यात पुण्यात बाहेरची भिंत ओल धरते. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांवर दिवसेंदिवस राहिली की बुरशी धरायला लागते, आधी पाठीच्या खळीला, कारण तिथे खळ असते आणि वारा नसतो. चळत आणि कपाट दोन्ही बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब हवीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं सगळ्यात वाईट, आतली ओल आतच कोंडते.

पाऊस आत येऊन पुस्तक भिजलंच तर उन्हात टाकू नका, पानं लाटांसारखी वाकतात. उभं करून किंचित उघडं, पंख्याखाली. दर पंधरा-वीस पानांमध्ये टिपकागद, दोन-दोन तासांनी बदलायचा. गुळगुळीत कागद असेल तर प्रत्येक पानात कागद घाला आणि तेही ओलं असतानाच. वाळल्यावर पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना छपाई सोबत येते. तेवढा वेळ नसेल तर पुस्तक पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, सवडीने काढा. घरचे काय म्हणतील ते ऐकून घ्या.

---

खुर्चीबहाद्दर

फ्रीजरचं मान्य, भिंतीचंही मान्य, खुर्ची आतल्या भिंतीला नेतो. टेकडी फक्त कवितेपुरती मान्य. मांडीवरची उशी खुर्चीतही चालेल असं दिसतंय, तेवढी उसनी घेतली. मेट्रोत होतं ते वाचन नव्हे, वेळ घालवणं.

---

मेट्रोमार्गी

खुर्चीत बसून महिन्याला किती पानं होतात ते सांगा, मग ठरवू.

---

उशीपंथी

उशी उसनी मिळणार नाही.